नववं कार्ड तुमचं

“गेली दोन वर्षं मी मिश्र माध्यमात छोटी छोटी कामं करते. रंग, जुने कागद, दोरा, कापडाचे तुकडे, शिक्के, जे हाताशी येईल ते. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच कार्डांच्या एका अदलाबदलीत भाग घेतला. आम्ही नऊ जण होतो. प्रत्येकानं बाकीच्या आठ जणांना एकेक कार्ड करून पाठवायचं, विषय ‘खिडकी’. मी तीन आठवडे रोज रात्री बसून आठ कार्डं केली, प्रत्येकावर हातानं टाके घातले. बदल्यात आलेल्यांपैकी दोन सुंदर होती, काही बरी होती. एकावर मात्र नुसतं विकतचं फुलाचं स्टिकर आणि चमकीचा एक फराटा. एक कार्ड तर अजून आलेलंच नाही. यापुढे मी जशास तसं करावं का? आयोजक बाईंकडे तक्रार करू? की हे सगळं सोडून आपली एकटीच काम करत बसू?

ता. क. : ज्यांनी ते स्टिकरचं कार्ड पाठवलं, त्यांनीच कळवलंय की माझं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटून बसलं आणि काढताना वरचा कागद फाटला. हे मला फारच लागलं.

– खिडकीवाली”

प्रिय खिडकीवाली,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ‘ता. क.’पाशी थांबले, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. स्टिकरचं आणि न आलेल्या कार्डाचं पुढे बोलूच. पण या प्रकरणात पूर्णपणे तुमच्या हातातलं असं एकच आहे, आणि ते म्हणजे फाटलेलं कार्ड.

तुम्ही वरून काय लावलं होतं ते लिहिलेलं नाही. पण प्लास्टिकला चिकटलं म्हणता, त्यावरून शेवटचा हात चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशचा किंवा ग्लॉस जेलचा असणार असं वाटतं. अ‍ॅक्रिलिक तासाभरात हाताला कोरडं लागतं, आणि इथेच आपण फसतो. वरचा पापुद्रा सुकलेला असतो, आतला थर घट्ट व्हायला दिवस जातात. थर जाड असेल तर कित्येक आठवडे. शिवाय अ‍ॅक्रिलिक म्हणजे मुळात प्लास्टिकच, ऊब लागली की मऊ पडणारं. बंद पाकीट, वर बाकीच्या टपालाचं ओझं आणि प्रवासातली उष्णता एवढं एकत्र आलं की तो मऊ थर समोर जे असेल त्याला धरून बसतो. ग्लॉसचा त्रास यात सगळ्यात जास्त. मॅट मीडियममध्ये (रंगावर द्यायच्या, न चमकणाऱ्या लेपात) चकाकी मारायला बारीक पूड घातलेली असते, तिच्यामुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो आणि चिकटणं कमी होतं.

दुसरा दोष पाकिटाचा. मऊसूत, हलका वास येणारं पारदर्शक प्लास्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. ते लवचिक राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि रंगाच्या थरात शिरतात. तेव्हा पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, आणि कार्डाच्या तोंडावर सिलिकॉन लावलेल्या बेकिंगच्या कागदाचा तुकडा ठेवूनच ते आत सरकवा. फुग्याफुग्यांचं प्लास्टिक थेट रंगावर कधीच गुंडाळू नका, मऊ थरावर त्याचे गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. सगळ्यात वर रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कापडानं घासून घेतलं तरी चिकटपणा बराच जातो. पण हा हात अगदी शेवटचा, कारण मेणावर पुढे ना रंग बसत ना गोंद.

एक चाचणी सांगते, ती मी आजही चुकवत नाही. ज्या क्रमानं कार्डावर थर दिले, त्याच क्रमानं दोन फालतू तुकडे तयार करायचे, तोंडाला तोंड लावून जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवायचे. सकाळी सहज सुटले तर कार्ड पाठवायला तयार. ‘चर्र’ असा आवाज करत सुटले तर आणखी आठवडाभर थांबायचं. मी हे शिकले ते बारा कार्डांची एक अख्खी चळत एकमेकांना चिकटलेली पाहिल्यावर. ती परत वेगळी करता आली नाही, आणि तिच्यातलं एक कार्ड माझं अतिशय लाडकं होतं.

आता स्टिकरचं कार्ड पाठवणाऱ्या बाईंविषयी. त्यांनी तुमचं कार्ड पाकिटातून बाहेर काढायला घेतलं, म्हणून ते फाटलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पुष्कळ जण आलेलं कार्ड प्लास्टिकमधूनच बघतात, फोटो काढतात आणि ठेवून देतात. यांना तुमच्या टाक्यांवरून बोट फिरवायचं होतं. काढता आलं नाही, फाटलं, तर त्यांनी तुम्हाला कळवलं. गप्प बसल्या असत्या तर पुढची आठही कार्डं तुम्ही तशीच पाठवली असती. त्यांनी पाठवलेलं कार्ड साधं होतं म्हणून त्यांचं म्हणणं हलकं होत नाही. त्यांना नवीन कार्ड करून पाठवा. बाकी कोणाशी काय बोलायचं ते नंतर, आधी हे.

‘जशास तसं करावं का’ या प्रश्नाकडे वळते. या कार्डांची अदलाबदल सुरू कशी झाली ते ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. झ्युरिकमधले कलाकार एम. वांची स्टिर्नेमान यांनी १२०० कार्डं हातानं केली आणि १९९७ मध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं. लोकांना कार्डं हवीशी झाली. तेव्हा स्टिर्नेमान यांनी सांगितलं, तुमचं स्वतःचं कार्ड करून आणा आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी माझ्याशी बदला. आपण ज्याला आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड म्हणतो त्याची सुरुवात ही अशी. त्याच वर्षी कलाकार डॉन मेबी यांनी ही पद्धत कॅनडातल्या कॅलगरीला नेली आणि तिथून ती पसरत गेली. नियम मोजकेच होते: अडीच बाय साडेतीन इंच हे माप, काम स्वतःचं आणि विक्री नाही. किती तास राबायचं, किती थर द्यायचे, किती कौशल्य हवं, याबद्दल एक अक्षर नाही. बाराशे कार्डं केलेला माणूस ज्यानं आयुष्यात पहिलंच कार्ड केलंय त्याच्याशी एकास एक बदल करत होता. तेव्हा तुमच्या तीन आठवड्यांच्या बदल्यात कोणाचेही तीन आठवडे देणं लागत नाही, आणि ते मागायलाही कुठे जागा नाही.

पण तुमचं दुःख मला खोटं वाटत नाही. दुःख आहे ते तीन आठवड्यांचं, आणि त्यावर उपाय आहे. मला विचाराल तर आठ कार्डांसाठी तीन आठवडे हा हिशेबच चुकलाय. प्रत्येक कार्ड कोऱ्या कागदापासून वेगळं सुरू केलं की प्रत्येकात आपण इतकं गुंततो की ते देताना आतडं तुटतं, आणि मग समोरून तितक्याच तोलाचं यावं असं वाटू लागतं.

साडेसात बाय साडेदहा इंचाचा एक जाड कागद घ्या, ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपास. ए-फोर कागदातून हे माप आरामात निघतं. त्यावर आडवी तीन आणि उभी तीन अशी बरोब्बर नऊ कार्डं बसतात. पण आत्ता रेघा मारू नका. अख्ख्या कागदावर मोकळ्या हातानं काम करा: खाली जेसोचा, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी देतात त्या पांढऱ्या लेपाचा, पातळ हात, त्यावर फाडलेल्या कागदांचे तुकडे, त्यावर पाणी घातलेला रंग, मग शिक्के किंवा स्टेन्सिल, मधूनच कोरड्या कुंचल्याचा पांढरा हात. कुठलं कार्ड कुठे पडणार याचा विचारही करायचा नाही. सगळं सुकलं की मागच्या बाजूनं रेघा आखा आणि पोलादी पट्टी धरून कटरनं कापा. जे नऊ तुकडे हातात येतील त्यांची मांडणी तुम्ही ठरवून कधीच केली नसती. एखाद्यात अक्षराची अर्धीच वेलांटी येते, एखादा जवळजवळ रिकामा निघतो आणि तोच सगळ्यात देखणा असतो. मग प्रत्येकावर एकच खास गोष्ट करायची. तुमच्या बाबतीत ती म्हणजे टाके. आठ लोकांना आठ, आणि नववं तुमचं. ते देऊ नका. एका बैठकीतली सगळी कार्डं वाटून टाकली की आपल्याकडे आपल्याच कामाची खूण उरत नाही. नववं कार्ड डब्यात असलं की बाकीची आठ हसत जातात, हा माझा अनुभव आहे.

टाक्यांचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. कागदावर कापडासारखे जवळजवळ टाके घातले की तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि कार्ड नेमकं तिथेच दुमडतं. दोन भोकांत निदान तीन मिलिमीटर अंतर ठेवा. भोकं आधी जाड सुईनं पाडून घ्या, मग दोरा ओवा. मागच्या गाठी उघड्या ठेवू नका. मागून दुसरा कागद चिकटवला की गाठी झाकल्या जातात आणि कार्डाचा बाकही जातो. बाक येतो कारण ओला गोंद सुकताना आकसतो आणि कागदाला आपल्या बाजूला ओढतो. तसाच गोंद मागूनही लागला की दोन्ही ओढी एकमेकींना सावरतात. वजनाखाली रात्रभर ठेवायचं ते तर आहेच.

‘जशास तसं’ करू नका असं मी ठामपणे सांगते, आणि त्याचं कारण चांगुलपणा एवढंच नाही. मुद्दाम साधं काम करायला बसलात की हाताला तशी सवय लागते. खालच्या कागदाला जेसो न लावणं, कडा न घासणं, मागे कोरं सोडणं हे सगळं एका रागाच्या भरात सुरू होतं आणि मग आवडत्या कामातही उतरतं. मी एका मैत्रिणीच्या बाबतीत हे घडताना पाहिलंय. ती परत पूर्वीसारखं काम करू लागली, पण मधलं एक वर्ष वाया गेलं.

आणि साधं कार्ड रिकाम्या हातांनी येत नाही. मला खूप पूर्वी एक कार्ड आलं होतं. राखाडी पुठ्ठा, त्यावर फाडून चिकटवलेला एकच निळा कागद, बस्स. मी निराश झाले, ते बाजूला ठेवलं. काही महिन्यांनी कोलाज करताना माझ्या फाडलेल्या सगळ्या कागदांच्या कडा गचाळ दिसत होत्या, आणि कशामुळे ते कळेना. तेव्हा ते निळं कार्ड काढून उजेडात तिरकं धरलं. निळ्या कागदाच्या फक्त वरच्या कडेला आतला पांढरा गाभा दिसत होता, एक बारीक फेसाळ रेघ, आणि खालची कड स्वच्छ निळी. रंगीत कागद फाडताना ओढायची दिशा बदलली की ती पांढरी कड या तुकड्यावर राहते किंवा त्या. करणाऱ्यानं ते जाणूनबुजून केलं होतं. मी संध्याकाळभर जुने कागद फाडत बसले. फोटोत ती रेघ दिसली नसती. कार्ड हातात होतं, तिरकं करता येत होतं, म्हणून दिसली. अदलाबदल मला प्रिय आहे ती यासाठी. दुसऱ्याच्या हातचं काम बोटांनी चाचपायला मिळतं, जाडी कळते, उलटून मागचा गोंधळ बघता येतो. एकटीनं बसलात तर हे मिळणार नाही, म्हणून सोडू नका असं म्हणते.

स्टिकरच्या कार्डात असं काही दडलेलं असेलच असं मी म्हणत नाही. कदाचित नसेलही. कदाचित त्या नुकत्याच शिकू लागल्या असतील आणि कोऱ्या पुठ्ठ्याची भीती वाटून स्टिकरचा आधार घेतला असेल. ती भीती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

तक्रार करू नका, पण आयोजकांशी बोला जरूर, आणि पुढच्या फेरीविषयी बोला. अदलाबदलीतली बहुतेक कटुता अटी मोघम असल्यानं येते. ‘मिश्र माध्यम’ म्हणजे निदान दोन-तीन वेगळी साधनं वापरलेली हवीत का? विकतचं स्टिकर चालेल का, आणि चालत असेल तर त्यावर आपलं काही काम हवं का? शेवटची तारीख पाठवण्याची की पोचण्याची? जाडी किती? मणी, बटणं चालतील का? टपालाची छाननी करणारी यंत्रं पाकिटं रुळांतून वाकवून नेतात, उंच बटण तिथे अडकतं आणि पाकीट फाडतं. हे सगळं आधी लिहून आलं की कोणाचा मान-अपमान होत नाही. तुम्हाला कडक अटींची फेरी मानवेल असं वाटतं. नवख्यांसाठी सैल अटींची फेरी वेगळी असू दे. दोन्ही असाव्यात.

न आलेल्या कार्डाबद्दल: ज्यांच्याकडून यायचं त्यांना सरळ विचारा, ‘तुमचं कार्ड मला मिळालेलं नाही, निघालं होतं का?’ एवढंच. टपालात हरवणं खरोखर घडतं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर आयोजकांना कळवा आणि तो विषय सोडून द्या. अनेक गटांत अशा वेळी दुसरं कोणी आपणहून भरपाईचं कार्ड करून देतं. ते मिळालं तर आनंदानं घ्या, मागू मात्र नका.

टिकाऊपणाबद्दल आणखी थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण परक्या माणसाच्या घरी आपण जे पाठवतो ते निदान काही वर्षं धड राहावं, हे आपण नक्की देणं लागतो. वर्तमानपत्राचा कागद वापरत असाल तर तो पिवळा पडणारच. त्यात लाकडाचं लिग्निन असतं, प्रकाश आणि हवा लागली की ते काळवंडतं. पिकासोनं १९१२ मध्ये कोलाजमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले, ते आज तपकिरी झालेले दिसतात. तो तपकिरी रंगच हवा असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आम्लरहित कागदावर लेझर प्रत काढून ती चिकटवा. इंकजेटची प्रत नको, बऱ्याच शाया ओल्या गोंदानं पसरतात. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण सुकत नाही आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, तेव्हा वापरायचंच असेल तर सगळ्यात वर. घरातलं एकुलतं एक जुनं छायाचित्र किंवा कोणाच्या हातचं पत्र कापून कार्डावर लावू नका. प्रत लावा. दिलेलं कार्ड परत मागता येत नाही.

आणि कार्डाची मागची बाजू. तुम्ही तिथे काय लिहिता ते मला माहीत नाही, पण बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी १७७२ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाच्या बारीक कपट्यांनी फुलं घडवायला सुरुवात केली. दहा वर्षांत, नजर साथ सोडेपर्यंत, जवळजवळ एक हजार फुलं केली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या मागच्या बाजूला वनस्पतीचं नाव, तारीख, कुठे केलं ते, आणि रोप कोणी दिलं तेसुद्धा लिहून ठेवत. अडीचशे वर्षांनी त्या कपट्यांइतकीच ती मागची टिपणंही वाचली जातात. तुम्ही निदान नाव, शीर्षक, तारीख आणि काय काय वापरलं ते लिहा. वापरलेल्या साधनांची नोंद मिळणाऱ्याला फार उपयोगी पडते. तुमच्याकडून शिकायला त्याला तेवढंच एक दार असतं.

त्या बाईंचं कार्ड करायला घ्याल तेव्हा पहिल्याची हुबेहूब नक्कल करू नका. खिडकीच करा, पण वेगळी. वरून मॅट हात द्या, दोन आठवडे उघडं सुकू द्या, रात्रभर पुस्तकाखाली ठेवून बघा. माफीची लांबलचक चिठ्ठी नको. मागे लिहा, ‘खिडकी, दुसऱ्यांदा. हात लावून बघा,’ आणि खाली तारीख.